उपडा हंडा

उन्हाळ्यात सूर्यमाळकडच्या पाड्यांत बाईपेक्षा तिच्या हंड्याला मान जास्त. हंडा रांगेत असला की बाई रांगेत आहे; मग ती घरी पोराला पाजत असो, नाहीतर झाडाखाली घोरत पडलेली असो. हंडा पहाटे आणून ठेवायचा, तोंड वर करून. टँकर आठवड्यातून दोनदा येतो, विहिरीत पाणी सोडतो आणि धूळ उडवत निघून जातो. मग ज्या क्रमानं हंडे त्या क्रमानं पाणी, प्रत्येक बाईला दोन हंडे. एका वर्षी या पाड्यात पाण्यावरून डोकी फुटली, तेव्हापासून हा नियम आहे, आणि सरकारचे नियम पाळत नाहीत इतका तो लोक पाळतात. त्यातच एक पोटनियम असा की कुणाला नंबर सोडायचा असला तर तिनं आपला हंडा उपडा ठेवायचा. उपडा दिसला की तो बाजूला सारतात, विचारत बसत नाहीत.

गेल्या वैशाखात सकूनं बुधीचा हंडा उपडा केला.

दोघी शेजारणी, एकाच साली लग्न होऊन पाड्यात आलेल्या. भांडण नव्हतं, हेवादावा नव्हता. त्या दिवशी बुधीचा निळा प्लास्टिकचा हंडा चौथा होता आणि सकूचा जर्मनचा, एका अंगानं चेमटलेला, पाचवा. बुधी स्वतःचे दोन आणि म्हाताऱ्या सासूचे दोन असे चार हंडे भरायची, म्हणजे अर्धा तास तरी जाणार. ती पोरीला पाजायला घरी गेली होती. सकूचा नवरा लाडक्या वसईला बांधकामावर असतो. तो दुपारच्या जीपनं यायचा होता आणि त्याच्याआधी सकूला डोकं धुवायचं होतं. एवढंच. अनर्थ व्हायला काहीतरी मोठं कारण लागतं असं आपण उगाच समजतो. ती वाकली, निळा हंडा उचलून उपडा ठेवला आणि सरळ उभी राहिली. नंबर पुकारणाऱ्या गौराबाईनं हंडा पाहिला, "बुधीनं सोडला गं," म्हणाली आणि पायानं बाजूला सारला.

बुधी परत आली तेव्हा सकूचे दोन्ही हंडे भरून कठड्यावर होते.

"माजा हंडा कुनी उपडा केला?"

"वाऱ्यानं झाला असंल," सकू म्हणाली.

वाऱ्यानं प्लास्टिकचा हंडा आडवा होतो, गडगडत जातो. नीट तोंडावर बसत नाही. हे बुधीला कळत नव्हतं असं नाही. तिनं सकूकडं पाहिलं, भरलेल्या हंड्यांकडं पाहिलं. "असंल," म्हणाली. रांगेच्या शेवटी उभं राहून गाळच मिळणार होता, म्हणून हंडा कमरेवर घेऊन ती दरीतल्या झिऱ्याकडं निघाली. भरल्या हंड्यांतला एक तिला देऊन टाकावा, हे सकूच्या मनात आलं होतं. ते आलं होतं हेच पुढं तिला पुसता येईना.

सकूनं डोकं धुतलं. केस झटकत होती तेवढ्यात दरीकडून ओरडा आला. पाडा तिकडं धावला, तीही ओल्या केसांनी धावली. झिऱ्याच्या वरच्या कातळावरून बुधीचा पाय घसरला होता. पोलीस आले, पंचनामा झाला, पाय घसरून मृत्यू असं कागदावर आलं. ते खोटंही नव्हतं.

सकूला रडू आलं नाही. बायका म्हणाल्या, जिवाभावाची गेली, धक्का बसलाय. पहिले आठ दिवस सकूही तसंच समजली. मग तिच्या लक्षात आलं की आत काहीच होत नाही. नागलीची भाकरी खाल्ली काय आणि माती खाल्ली काय, जिभेला सारखीच. तव्याला बोट लागलं तर चरचर आधी ऐकू यायची, चटका मागाहून, तोही दुसऱ्याच्या बोटाला बसल्यासारखा. लाडक्या आठ दिवस राहून वसईला गेला आणि फोनवर "टेन्शन मत ले, सब ठीक होगा" असं शहरातलं शहाणपण सांगायला लागला. मुलगी हर्षदा आश्रमशाळेत. घरात सकू, एक गाय आणि एक वासरू. पावसाळ्यात तिनं भाताचं आवण लावलं, दिवाळीच्या तोंडावर भात कापलं, नागली झोडली. हात आपलं काम करत होते आणि ती त्यांच्यामागून फिरत होती.

हा उन्हाळा आला आणि टँकर सुरू झाला. सकूनं हंडा रांगेत लावला नाही. ती झिऱ्यावर जायला लागली, त्याच कातळावरून, तेही भर दुपारी. पडायची इच्छा होती असं म्हणावं तर तीही नव्हती. त्या रांगेत उभं राहवत नव्हतं, एवढं खरं.

पण टँकरच्या पहिल्याच दिवशी गौराबाईचा पोरगा सांगत आला, "सकूमावशी, तुजा नंबर आला."

ती गेली. तिचा चेमटका हंडा रांगेत होता. चौथा. तोंड वर करून. आदल्या संध्याकाळी तो तिच्या अंगणात शेगलाच्या, म्हणजे शेवग्याच्या, झाडाखाली होता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पुढच्या टँकरला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. आणि दर वेळी चौथाच नंबर, म्हणजे बुधीचा.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. दुसरी बाई असती तर कुणीतरी मदत करतंय म्हणून सुखावली असती. सकूला वाटलं, बुधीच येते. पहाटे येते, हंडा उचलते, आपल्या जागी मांडते आणि म्हणते, घे. घे आता पाणी. भीतीसुद्धा तिला नीट वाटली नाही. नुसती मान डोलवावी तसं तिनं ते मान्य केलं. बायका बघत असायच्या म्हणून ती पाणी भरायची आणि घरी नेऊन गायीवासरापुढं ओतायची. स्वतः प्यायची ती झिऱ्याचंच. अंघोळ अंगावरून दोन तांबे. डोक्याला विहिरीचं पाणी तिनं वर्षभर लावलं नव्हतं. पावसात भिजलं असेल तेवढंच.

बुधीची सासू धोंडीबाई. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसरा बरा. सून गेली, मुलगा भावेश कामासाठी भिवंडीला गेला, आणि दोन वर्षांची नात म्हातारीच्या पदराला. पावसाळ्यात ती अचानक येशूच्या प्रार्थनेला जायला लागली, आणि पुढं प्रार्थना तिच्याच पडवीत भरायला लागली. पाड्यातल्या काहींनी नाकं मुरडली. म्हातारीनं त्यांना सांगितलं, "तुमचा देव तुमी सांबाळा, मना भांडान नाय." एका रविवारी ती सकूच्या दारात येऊन म्हणाली, "चल, बसायला." तिला नाही म्हणायची सकूची छाती नव्हती. तेव्हापासून ती दर रविवारी जाऊन भिंतीला टेकून बसायची.

प्रार्थना घ्यायला विठ्ठल यायचा. साखरशेतचा माणूस, आठवडाभर जव्हार-दाभोसा जीप चालवायचा आणि रविवारी मोटारसायकलवर डोंगर चढून यायचा. नाव विठ्ठल आणि सांगतो येशूचं, म्हणून म्हातारे त्याची थट्टा करायचे. तो हसून म्हणायचा, "नाव बापानं ठेवलं, मी काय करू?" गायला लागला की पडवीतल्या आठदहा बायका डोळ्याला पदर लावायच्या. एकटी सकू कोरडी. रडणाऱ्याचं पाप धुऊन निघतं असा तिनं आपला हिशोब लावला होता, आणि आपल्याकडं तेवढंही पाणी नाही हे तिला दिसत होतं.

त्या रविवारी विठ्ठलनं एक शब्द काढला. पश्चात्ताप. देव पाप्यावर रुसून बसलेला नाही, तो वाट बघतो, त्याचा मुलगा पाप्यांसाठीच जीव द्यायला आला, पण पश्चात्ताप पाहिजे. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. हा शब्द पुस्तकातला. पाड्याच्या तोंडात तो बसेना.

"म्हंजे रडायचा का?" धोंडीबाईनं विचारलं.

"नाय गं आये. रडून काय व्हतं? रडू येईल नाय येईल." विठ्ठलनं डोकं खाजवलं. त्याची नजर पडवीच्या कडेला मांडलेल्या रिकाम्या भांड्यांवर गेली. "ह्यो हंडा बघा. उपडा केला आनि त्याच्यावर टँकर ओतला, तर भरंल का? थेंब राहनार नाय. देव वरून ओततोच हाय. आपून उपडे. सुलटं व्हायचं, तोच पश्चात्ताप."

"देवाचा टँकर रोज येतो का पन?" गौराबाईची सून प्रतिक्षा म्हणाली, आणि पडवी हसली. विठ्ठलही हसला.

सकू हसली नाही. त्या बिचाऱ्याला काय माहीत आपण कुठल्या हंड्यावर बोट ठेवलं ते. तिनं मान वर केली तेव्हा धोंडीबाई आपल्या एका बऱ्या डोळ्यानं तिच्याकडंच बघत होती. हसत तीही नव्हती.

मंगळवारी टँकर. सकू पहाटे उठून दाराच्या फटीशी बसली. बुधी येणार असेल तर तिला सांगून टाकायचं, असं तिनं ठरवलं होतं. मेलेल्या माणसाला सांगणं जिवंत माणसाला सांगण्यापेक्षा सोपं, हेही त्यात होतंच. उजाडायच्या बेताला अंगणात काठी वाजली. भुताला काठी लागत नाही, एवढं सकूला कळत होतं.

धोंडीबाई आली. हातानं चाचपत झाडाखालचा हंडा शोधला, कमरेवर घेतला आणि काठी टेकत निघाली. सकू मागोमाग गेली. विहिरीवर अजून कुणी नव्हतं, नुसते तीन हंडे रांगेत होते. म्हातारीनं सकूचा हंडा चौथा मांडला, पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि कठड्याशी आधीच आणून ठेवलेला आपला त्याच्यामागं ठेवला. एवढ्यानं तिला धाप लागली आणि ती कठड्याला टेकली.

"आये," सकू म्हणाली.

म्हातारी दचकली नाही. "उठलीस का?"

"आये, गेल्या साली बुधीचा हंडा मी उपडा केला. मना डोका धवायचा होता." ती थांबली, पण एकदा तोंड उघडल्यावर बाकीचंही आलं. "वाऱ्यानं झाला म्हनून सांगितला. माजे दोन भरलेले होते, तिना एक दिला नाय."

तिला वाटलं होतं, हे बोललं की आभाळ कोसळेल, नाहीतर निदान काठी तरी डोक्यात बसेल. काही झालं नाही. कुठंतरी कोंबडा आरवला.

"ठावं हाय," धोंडीबाई म्हणाली.

"कवापासून?"

"त्याच दिसापासून. मी त्या उंबराखाली बसलेली. सगल्यांना वाटतं म्हातारीला दिसत नाय. तुजा हात मना दिसला. मंग दरीवर आलीस तवा केस वले होते तुजे."

 सकू तिथंच मातीत बसली. वर्षभर या बाईनं आपल्याला नावानं हाक मारली, भाकरीबरोबर ठेचा दिला, प्रार्थनेला शेजारी बसवलं. हे सगळं ठाऊक असताना.

"मंग बोलली का नाय? मना मारली का नाय?"

 म्हातारी बोलली ती सकूकडं न बघता, विहिरीत बघून.

"त्या सकाली माजा नि तिचा वाजलेला. आंबलीत मीठ नाय म्हनून मी बोलली, ती उलटून बोलली. तू हंडा उपडा केलास तवा मी उठून सुलटा करायचा. दहा पावलं नाय. पन मना वाटला, बरा झाला. तापू दे जरा उन्हात. समजंल सासूशी कसा बोलायचा." तिनं काठी या हातातून त्या हातात घेतली. "तू एकटीनं नाय उपडा केला. मी बघत बसली."

सकूनं मातीतून मान वर केली. म्हातारी विहिरीतच बघत होती.

"पावसात विठ्ठलनं सांगितला, देव वाट बघतो. मी म्हनली, माजी नाय बघायचा. तो म्हनला, तुजीच. मंग मना वाटला, माजी बघतो तर हिची बी बघत असंल. पन ती बाय रांगेतच येत नाय. म्हनून हंडा ठेवत गेली. परत्येक येली ठेवताना हात मागं येयाचा. पयल्या दिशी तर मी लाथ मारली त्याला, तो बग, तुजा हंडा तिकडून बी चेमटलाय."

सकूनं पाहिलं. खरंच दुसऱ्या अंगालाही एक नवा खळगा होता. दोन महिने तो हंडा ती उचलत होती आणि तिला दिसला नव्हता.

"आथा काय करू?" तिनं विचारलं.

"मना काय विचारतेस? बायका येतील. त्यांना सांग. मी माजा बी सांगीन. नि भावेशला फोन तू करायचा. तो काय बोलंल ते ऐकायचा." म्हातारीचा आवाज इथं पहिल्यांदा हलला. "माजा मी त्याला कवाच सांगितला. तीन महिने बोलला नाय तो माज्याशी."

टँकर आठला आला. पाणी पडत होतं तोवर बायका गोळा झाल्या, आणि तो गेल्यावर गौराबाईनं पहिला नंबर पुकारायला तोंड उघडलं. त्याआधी सकू रांगेच्या पुढं जाऊन उभी राहिली आणि तिनं सांगितलं. सगळं, डोकं धुण्यासकट. आवाज सपाट होता. कुणाला वाटावं रेशनच्या दुकानात नाव सांगतेय. मागून धोंडीबाईनंही आपलं सांगितलं. विहिरीवर बायका आणि शांतता, असं त्या पाड्यात बहुधा कधी झालं नसेल.

मग बोंब उठली. एकीनं शिव्या दिल्या, एक रडली, प्रतिक्षा तोंडावर हात ठेवून मागं सरकली. गौराबाईनं चौथा हंडा उचलला आणि रांगेबाहेर नेऊन उपडा आपटला. "हिचा नंबर नाय. आज नाय, पुढं बी नाय."

 सकूला ते बरोबरच वाटलं. ती आपल्या उपड्या हंड्यापाशी जाऊन बसली. धोंडीबाईही गौराबाईला काही बोलली नाही, आणि सकूनं तशी आशाही केली नव्हती. उन्हं चढली. नंबर सरकत होते. म्हातारीची पाळी आली तेव्हा क्षणभर गौराबाईचा हात दोरावर अडला, पण शेवटी तिनं पोहरा ओढून म्हातारीचे दोन्ही हंडे भरून दिले.

धोंडीबाईनं त्यातला एक उचलायचा प्रयत्न केला. झेपेना. तो तिनं तसाच ओढत, पाणी हिंदकळत, सकूपर्यंत आणला.

"केस सोड."

"काय?"

"केस सोड म्हनते. वरीस झाला. उवा पडल्या असतील."

"आये, पाणी..."

"माज्या नंबरचा हाय. कुनाच्या बापाचा नाय." तिनं कमरेचा तांब्या काढून हंड्यात बुडवला.

"म्हातारे, डोका फिरला का तुजा?" गौराबाई ओरडली. "शुक्कीरवारपावत टँकर नाय! पेशील काय? पोरीला काय पाजशील?"

"एक हंडा हाय. कमी पडला तर झिऱ्यावर जाव," धोंडीबाई मागं न बघता म्हणाली. "आमी दोगी. एकटीला नाय जाव द्यायचा."

सकूचे हात आपोआप वर गेले आणि त्यांनी अंबाडा सोडला. वर्षभराचे केस, तेलकट, जटा झालेले. तिनं मान वाकवली. पहिला तांब्या टाळूवर पडला. पाणी कानामागून मानेवर उतरलं, पाठीवर गेलं, आणि सकू शहारली. विहिरीच्या तळाचं पाणी, गार होतं. तिला ते गार लागलं. तिच्याच डोक्याला, दुसऱ्या कुणाच्या नाही.

"गार हाय," ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज फुटला.

धोंडीबाईनं उपडा पडलेला चेमटका हंडा पायानं सुलटा केला आणि तिच्या डोक्याखाली सरकवला. केसांतून निथळणारं पाणी त्यात पडायला लागलं. वासराला चाललं असतं.

"हलू नको," ती म्हणाली. "मान खाली ठेव. आजून अर्धा हंडा हाय."